रशीदचाचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर

चाचा,

इतक्या वर्षांत तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात आणि त्याचं उत्तर मी खोटं दिलं. खरं उत्तर द्यायला सिडकोतून तुमच्या कटकट गेटच्या घरी यावं लागलं असतं, स्कूटरवर पंधरा मिनिटं. तीन वर्षांत मला तेवढी सवड झाली नाही. मागच्या शुक्रवारी दुपारी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला की रिक्षावाले रशीदचाचा गेले, नमाजहून आले, जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून माझ्याकडे सवडच सवड आहे. कॉलेजात रजा टाकलीय. घरात कुणी बोलायला आलं की मी चहा टाकायला उठते.

मराठीतच लिहितेय. तुम्ही माझ्याशी हिंदीत बोलायचात, मी तुमच्याशी मराठीत, आणि दोघांचंही कधी काही अडलं नाही. भांडण झालं की मात्र मी हिंदीत घुसायचे आणि तुम्ही हसू दाबायचात. ‘मॅडम, आप मराठीमेंच डांटो, हिंदी में मजा नहीं आता,’ असं एकदा म्हणालात आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. माझं तोंड फाटकं आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ते हसत सांगणारे तुम्ही एकटेच होतात.

जुई सहा वर्षांची असताना मी तिला पहिल्यांदा तुमच्या रिक्षात बसवलं. डाऊन सिंड्रोम असलेलं मूल, त्यात चौथ्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालेलं, साधी सर्दी झाली तरी थेट छातीत उतरायची. मी तुम्हाला सूचनांचा कागद दिला होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. तुम्ही तो मान डोलावत घडी करून खिशात ठेवलात. तो तुम्ही कधीच वाचला नाही, हे कळायला मला दोन हिवाळे लागले. मी जुईला मफलर बांधून बसवायचे, कोपऱ्यावर वळलं की तुम्ही तो सोडायचात, आणि घरी आणताना परत त्याच कोपऱ्यावर बांधायचात. एकदा उलटा बांधलात म्हणून पकडले गेलात. मी जाब विचारला तर म्हणालात, ‘बच्ची को हवा लगने दो मॅडम. अचार है क्या, बरनी में डालके रखने को?’ त्यावर मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मी म्हणायचे जपते, तुम्ही म्हणायचात कोंडता. आपला हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही, आणि आता एकटीनं तो कसा मिटवायचा मला कळत नाही.

तुमच्या रिक्षाची एक रीत होती. आत पाच मुलं आणि प्रत्येकाला एक काम. एकानं हॉर्न दाबायचा, एकानं मागं बघून गाडी येते का सांगायचं, एकीनं पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. जुईचं काम होतं ‘चलो’ म्हणायचं. तिनं म्हटल्याशिवाय रिक्षा हलणार नाही. तेव्हा जुईला ‘आई’, ‘पप्पा’ आणि ‘नको’ एवढेच शब्द धड यायचे. तुम्ही आठ महिने आमच्या गेटसमोर रोज रिक्षा बंद करून बसायचात. मागं दूधवाला खोळंबायचा, घंटागाडी खोळंबायची. मी गेटातून ओरडायचे, ‘अहो चाचा, न्या की तिला, माझा पहिला तास आहे.’ तुम्ही शांतपणे म्हणायचात, ‘उसका काम है मॅडम. उसका काम मैं कैसे करूँ?’ आणि एक दिवस ती म्हणाली. ‘च’ नीट नव्हता, पण ‘लो’ सगळ्या गल्लीला ऐकू गेला. मला वाटलं तुम्ही आता उतरून तिला उचलून घ्याल. तुम्ही किल्ली फिरवलीत आणि सरळ निघून गेलात. संध्याकाळी सांगितलंत की जास्त कौतुक केलं असतं तर ती लाजून परत म्हणाली नसती. मी रसायनशास्त्र शिकवते, वीस वर्षं झाली, पण त्या दिवशी तुमच्याकडून शिकले.

मग त्या मार्चमध्ये शाळा बंद झाली.

बारा वर्षांची जुई तरीही रोज सव्वानऊला दप्तर पाठीला लावून गेटशी उभी राहायची. मी सांगायचे, शाळेला सुट्टी आहे. तिच्या लेखी सुट्टी म्हणजे रविवार. रविवार एक असतो आणि त्याच्या पुढं दप्तर असतं, हे तिला आम्हीच मोठ्या कष्टानं शिकवलेलं. ती अकरापर्यंत उभी राहायची, उन्हानं चेहरा लालबुंद व्हायचा, मग मी तिला ओढत आत आणायचे. शाळेच्या बाई मोबाईलवर वर्ग घ्यायच्या. जुई आधी स्क्रीनवरच्या बाईंच्या गालाला हात लावायची, मग मोबाईल उलटा करून मागं बघायची. मागं बाई नसायच्या. तिसऱ्या दिवशी तिनं मोबाईल बादलीत बुडवला. तिचे पप्पा, विनायक, शेंद्र्यातली त्यांची कंपनी बंद म्हणून घरीच होते. ते तिला घेऊन गच्चीवर पतंग उडवायला जायचे. पण तिला पतंग नको होता, तिला तुम्ही हवे होतात.

डॉक्टर फोनवर म्हणाले, ‘हिचं हृदय आणि छाती बघता हिला लागण होऊन चालणार नाही.’ मला ते एक वाक्य पुरलं. मी गेटची कडी लावून वर दोरी बांधली. दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली, पेपर बंद केला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझा तर रोज संध्याकाळी टीव्हीवर येऊन आकडे सांगायचा.

जूनमध्ये जरा सुटलं तेव्हा तुम्ही आलात. तुमच्या गल्लीच्या तोंडाला ठोकलेले पत्रे नुकतेच निघाले होते. पाच घरच्या पाच लेकरांना लांबून बघून यावं, एवढ्यासाठी तुम्ही रिक्षा बाहेर काढली होती. हॉर्न वाजला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येईपर्यंत जुईनं दोरी सोडली होती. पायात चप्पल नाही, तोंडाला मास्क नाही, आणि ती भर रस्त्यात तुमच्या कमरेला मिठी मारून उभी. तुम्ही दोन्ही हात वर धरले होते, चुकूनही तिला शिवू नयेत म्हणून. मला ते दिसलं होतं, चाचा. दिसलं तरी मी ओरडले. ‘तुमच्या भागात घरोघरी पेशंट आहेत, कळत नाही का तुम्हाला? तुम्ही लोक ऐकणारच नाही का कुणाचं?’

‘तुमच्या भागात’ म्हणजे काय आणि ‘तुम्ही लोक’ म्हणजे कोण, हे त्या दिवसांत कुणाला फोडून सांगावं लागत नव्हतं. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर सकाळपासून तेच चालायचं. मी असले मेसेज पुढं पाठवायचे नाही, म्हणून स्वतःला फार शहाणी समजायचे. आणि वेळ आली तेव्हा उचलली जीभ लावली टाळ्याला. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘गलती हो गई मॅडम.’ मग रिक्षा सुरू न करता कोपऱ्यापर्यंत ढकलत नेलीत. आवाज ऐकून जुई परत धावू नये म्हणून ढकललीत, हे मला नंतर, भांडी घासताना कळलं.

जुई दिवसभर रडली आणि दुसऱ्या दिवशी सव्वानऊला पुन्हा गेटशी. आता ऐका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं.

आमच्या मुलांना काही शिकवायचं तर शाळेनं एक पद्धत घालून दिलेली आहे. वाक्य लहान हवं. रोज तेच, त्याच वेळी, त्याच शब्दांत. सोबत हातानं करून दाखवायचं. जमलं की लगेच शाबासकी द्यायची. दात घासणं, बटण लावणं, चप्पल कुठली कुठल्या पायात, सगळं मी जुईला असंच शिकवलंय. त्याच पद्धतीनं मी तिला शिकवलं, ‘जुईनं गेट उघडलं. पोलीस आले. चाचाला नेलं.’ गेटसाठी कडी काढल्याची खूण, पोलिसांसाठी काठी, आणि ‘नेलं’ म्हणताना दोन्ही मनगटं एकावर एक, बेडी घातल्यासारखी. त्याच आठवड्यात तिनं गच्चीवरून चौकात पोलिसांनी एकाला काठी मारताना पाहिलं होतं, त्यामुळं पोलीस वेगळे शिकवावे लागले नाहीत. रोज सव्वानऊला, तिच्या पाठीवर दप्तर असताना, मी तो धडा घ्यायचे. नवव्या की दहाव्या दिवशी तिनं दप्तर काढून खुंटीला लावलं आणि स्वतःची मनगटं एकावर एक ठेवून मला दाखवली. मी टाळ्या वाजवल्या, चाचा. तिला बिस्कीट दिलं.

त्यानंतर गल्लीत कुठलीही रिक्षा वाजली की ती धावत आत यायची, दार लावायची आणि ओठावर बोट ठेवून मला गप्प करायची. मला हायसं वाटायचं. माझी युक्ती लागू पडली होती. विनायक एकदा म्हणाले, ‘अगं, हिला हे काय सांगून ठेवलंयस तू?’ मी म्हटलं, ‘तुम्हाला दुसरं काही सुचतंय का?’ ते गच्चीवर निघून गेले. दुसऱ्या लाटेत ते स्वतः आठ दिवस दवाखान्यात होते, ऑक्सिजनवर. जुईला शेवटपर्यंत काही झालं नाही. तेव्हा मी तिला वाचवलं असेलही. हे मी अजून म्हणते, आणि तुम्ही समोर असतात तर तुमच्याशी याच्यावरून आताही भांडले असते.

पण पोर आत आत गेली. आधी गेटशी जाणं बंद झालं, मग अंगणात, मग खिडकीशी. सगळ्यांनी तोंड झाकल्यावर ती कुणाशी बोलणार, तिला तर ओठ बघून शब्द कळायचे. ‘चलो’ गेला, ‘पाणी’ गेलं, बाईंचं नाव गेलं. दिवसा झोपायची, फ्रॉकची कॉलर चोखून चोखून फाडायची. वजन इतकं वाढलं की जिना चढताना धाप लागायची. तेराव्या वर्षी पुन्हा अंथरूण ओलं व्हायला लागलं. सहा वर्षांत थेंब थेंब साठवलेलं दीड वर्षात वाहून गेलं. बाकीच्या आया फोनवर तेच सांगायच्या. एकीचा मुलगा नुसता भिंतीवर बोट फिरवत बसायचा, एकीची मुलगी आईचा मास्क काढू द्यायची नाही आणि लावूही द्यायची नाही. आम्ही फोनवर रडायचो आणि मग एकमेकींना जेवायला काय केलं ते विचारायचो.

शाळा उघडली तेव्हा जुई चौदाची होती. आदल्या दिवशी तुम्ही फोन केलात, ‘मॅडम, कल से आऊँ ना?’ माझ्या त्या दिवशीच्या बोलण्याचा एका अक्षरानंही उल्लेख नाही. मी ‘हो’ म्हटलं. गणवेश लहान झालेला, दुसरा आणला. सव्वानऊला हॉर्न वाजला आणि जुईनं किंचाळून खिडकी लावली. ‘जा! जा!’ दीड वर्षात तिच्या तोंडून एवढा मोठा आवाज आला नव्हता. तुम्हाला वाटलं, मास्कमुळं ओळखलं नसेल. तुम्ही मास्क काढून गेटच्या जाळीतून चेहरा दाखवलात. तिनं खिडकी उघडून पायातली चप्पल तुम्हाला मारली. तीन दिवस तुम्ही आलात, तीन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेल्यावर तिनं खिडकीच्या फटीतून गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं आणि मला विचारलं, ‘पोलीस?’ मनगटं एकावर एक. मग स्वतःच मान हलवली आणि पहिल्यांदा हसली. तुम्ही सुटला होतात.

तेव्हा मला कळलं, चाचा. तिसऱ्या दिवशीच कळलं. चौथ्या दिवशी तुम्ही रिक्षा न आणता पायी आलात. गेटच्या बाहेरच उभे राहिलात, खाली बघत. आणि विचारलंत, ‘मॅडम, बुरा नको मानो, बच्ची के दिल में मेरे बारे में किसीने कुछ डाला क्या?’

‘तुम्ही लोक’ ज्या तोंडातून निघालं होतं त्याच तोंडाला तुम्ही हे विचारत होतात. तुमच्या मनात काय आलं असेल ते मला स्वच्छ दिसलं. मी तिला तुमच्या माणसांची, तुमच्या टोपीची भीती घातली असेल, असंच ना? चोराच्या मनात चांदणं. मी घाईघाईनं म्हटलं, ‘छे हो चाचा, लॉकडाऊनचा परिणाम आहे. सगळ्याच मुलांचं असं झालंय, डॉक्टरपण म्हणाले.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि ते उत्तर सगळंच्या सगळं खोटं होतं. तुम्ही म्हणालात, ‘हौ, हौ, बराबर है.’ मग म्हणालात, ‘मैं दिखता भी वैसाच हूँ,’ आणि दाढीवरून हात फिरवत हसलात. मी पण हसले.

तिच्या मनातलं ते काढायचा मी प्रयत्न केला, अगदी केला नाही असं नाही. ‘पोलीस येणार नाहीत. चाचाला नेणार नाहीत.’ पण आमची मुलं एखादी गोष्ट शिकायला वर्ष लावतात आणि एकदा शिकली की मास्तर स्वतः येऊन चूक आहे म्हणाला तरी सोडत नाहीत. शिवाय माझा हा दुसरा धडा पहिल्याइतका मनापासून नव्हता. मी सोपी वाट धरली. तिला स्कूटरवर सोडायला लागले. वर्षभरात शब्द परत यायला लागले. एका सकाळी सिग्नल सुटला तेव्हा ती मागून म्हणाली, ‘चलो.’ मला खरं तर नाचायला हवं होतं. मी स्कूटर बाजूला घेऊन नुसती उभी राहिले, कारण तो शब्द तुमचा होता आणि तो तुम्हाला कळवायचं माझ्यात धैर्य नव्हतं.

शाळेच्या गेटवर तुम्ही रोज दिसायचात, बाकीच्या चार मुलांना घेऊन. आम्ही आलो की तुम्ही रिक्षाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहायचात, जुईला दिसू नये म्हणून. पावसात, उन्हात, तीन वर्षं. तुमची चप्पल रिक्षाखालून दिसायची. तिकडं न बघता जुई आत जायची आणि मीही तिकडं न बघता स्कूटर वळवायचे.

आणि मग तुम्ही जायच्या दोन आठवडे आधीचा तो दिवस. मला कॉलेजात उशीर झाला होता. मी पोचले तेव्हा जुई शाळेच्या फाटकातून बाहेर येत होती, एकटी. तिनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, परत डावीकडं. आणि भराभर चालत जाऊन तुमच्या रिक्षात मागं बसली, दप्तर मांडीवर घेऊन, डोकं खाली घालून. तुम्ही पलीकडं उभे होतात. हलला नाहीत. मला येताना बघून तुम्ही ओठावर बोट ठेवलंत. पाच मिनिटं ती बसली असेल. मग उतरून माझ्याजवळ आली. तुमचे डोळे भरून आले होते आणि तरी तुम्ही गंमत केलीत, ‘देखा मॅडम, रस्ता कैसे देख के आई. इधर देखी, उधर देखी. अच्छा सिखाया आपने.’

ती रस्ता बघत नव्हती, चाचा. ती पोलीस बघत होती. तेव्हा सांगायला हवं होतं. तुम्ही समोर होतात, खूश होतात, माफसुद्धा करून टाकलं असतंत. मला वाटलं, एवढ्या आनंदात आपण कशाला माती कालवा, सांगू उद्यापरवा.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा जुईनं माझ्या मोबाईलवर तुमचा फोटो बघितला. मी म्हटलं, ‘चाचा देवाघरी गेले.’ तिनं मनगटं एकावर एक ठेवली. ‘पोलीस,’ ती म्हणाली. विचारत नव्हती, सांगत होती. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, ‘जुई बसली.’ आणि उठून गेटची कडी लावून आली.

त्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही. खिडक्या लावून घेते. कॉलर पुन्हा तोंडात गेलीय. सतरा वर्षांची मुलगी, हळूहळू बाहेर आलेली, माझ्या डोळ्यांसमोर परत आत चाललीय, आणि या वेळी कुठली साथ नाही, कुठला हुकूम नाही. माझा धडा आहे.

म्हणून परवा तिला घेऊन तुमच्या घरी आले. रिक्षातून यायला ती तयार होईना, विनायकनी कार आणली. ते बाहेर पुरुषांत बसले, आम्ही दोघी आत गेलो. चाची पांढऱ्या ओढणीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. जुई उंबऱ्यातच थांबली. ‘आ बेटा, अंदर आ,’ चाची म्हणाल्या. जुईनं दोन्ही मनगटं एकावर एक धरून त्यांच्यापुढं केली. मी तिच्याकडं बघितलं तेव्हा मला कळलं की ती सांगत नव्हती, ती हात देत होती. आता मला न्या म्हणून.

‘क्या बोल रई बच्ची?’ चाचींनी मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. मराठीत सुरू केलं, हिंदीत गेले, परत मराठीत आले. बाजूला बसलेल्या बायका ऐकत होत्या. जूनमध्ये काय ओरडले तेही सांगितलं. चाची ओढणीचा काठ बोटानं सरळ करत होत्या. पुष्कळ वेळ करत होत्या. मग म्हणाल्या, ‘मेरेको पूछे थे एक बार. बोले, बच्ची मेरी शकल देखके डरती, दाढ़ी निकाल दूँ क्या. मैं हँसी उनको.’ थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘बोल देते तो अच्छा होता मॅडम.’ आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोसलं असतं.

मग त्यांनी जुईला जवळ घेतलं. तिची मनगटं धरून अलग केली, एक हात या हातात, एक त्या हातात. ‘पुलिस नहीं बेटा. पुलिस कायकू ले जाती उनको? दिल बीमार था उनका. दिल.’ दिल जुईला बरोबर कळतं, हिंदीत आणि मराठीत. तिनं ड्रेसचं वरचं बटण काढून ऑपरेशनची खूण चाचींना दाखवली. ‘जुईचं पण,’ ती म्हणाली. चाची तेव्हा रडल्या.

‘जुई नाही?’ तिनं विचारलं.

‘जुई नहीं. जुईने कुछ नहीं किया. तू गाड़ी में बैठी ना, उस दिन घर आके पूरे मोहल्ले को बताए वो.’

जुईनं ते नीट ऐकून घेतलं. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. ‘आई?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘आई खोटं बोलली. आईनं चुकीचं शिकवलं.’

‘सॉरी म्हण,’ ती म्हणाली आणि कान धरून दाखवले, मला नीट कळावं म्हणून. मी चाचींसमोर कान धरले. तिनं जोरात मान हलवली. ‘चाचाला.’ मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. ती वाट बघत राहिली. शब्द यायला वेळ लागतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? शेवटी चाचीच म्हणाल्या, ‘घर जाके बोलो मॅडम, आराम से.’

तर मी घरी आलेय, आणि बोलतेय. तुम्ही विचारलंत, बच्ची के दिल में मेरे बारे में किसीने कुछ डाला क्या. मी घातलं, चाचा. पण मी जे घातलं ते तुम्हाला वाटत होतं ते नव्हतं. तिला तुमची भीती कधी वाटली नाही, एक दिवससुद्धा नाही. तुम्ही दिसलात की तुम्हाला धरून नेतील म्हणून ती दार लावायची, आणि तुम्ही लवकर पळावं म्हणून तिनं तुम्हाला चप्पल मारली. जवळजवळ पाच वर्षं माझी मुलगी तुम्हाला सांभाळत होती. सॉरी, चाचा.